दृश्य आणि रान

निसर्गवर्णन हा आमच्या अध्यापनातील सर्वांत सोपा समजला जाणारा, आणि म्हणूनच कदाचित सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. बालकवी असोत, बहिणाबाई असोत की ना. धों. महानोर, 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हे एक वाक्य विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो, परीक्षक त्यास दोन गुण देतो आणि दोघेही पुढे सरकतात. वास्तविक हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आणि फार वादग्रस्त आहे. वस्तू जशी आहे तशी सांगणे, म्हणजे स्वभावोक्ती, हिला दंडीने अलंकारांच्या ओळीत पहिले स्थान दिले. तर कुंतकाने नेमके उलट विचारले की, वस्तूचा स्वभाव हाच जर अलंकार मानला तर मग अलंकृत करायचे काय उरते? वर्गात आम्ही हा वाद दहा मिनिटांत संपवतो. रानात, कॅमेरा हाती असताना, तो अनेक वर्षे संपला नाही.

आम्ही दोघे माणदेशाच्या कडेला वसलेल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. सुट्टीच्या दिवशी एकाच दुचाकीवरून माण, खटाव, आटपाडीच्या शिवारांत जायचे, पुढच्याच्या गळ्यात कॅमेरा आणि मागच्याच्या मांडीवर ट्रायपॉड, असा आमचा क्रम गेली पंधरासोळा वर्षे चालू आहे. हा मुलूख छायाचित्रकारांचा लाडका नव्हे. त्याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, धुके आहे, धबधबे आहेत. तिथून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर पूर्वेला आले की पाऊस पाचशेच्या आतबाहेर राहतो. नदीकाठी काळे रान, वर मुरमाड माळ, बाभळी, तरवड, कुसळे. व्यंकटेश माडगूळकरांनी हा प्रदेश मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कायमचा उभा केला; मात्र त्यांचे वाचून इथे छायाचित्रे काढायला येणाऱ्याच्या पदरी पहिल्या दिवशी बहुधा निराशाच येते, कारण माडगूळकरांच्या माळावर माणसे आणि मेंढरे अखंड काही ना काही करीत असतात, आणि सुट्टीवर आलेल्या पाहुण्याला माळ नुसता पडलेला दिसतो.

प्रथम यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण यंत्राचीही एक समजूत असते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक असे गृहीत धरतो की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे. बहुतेक वेळा ते खपून जाते. परंतु नांगरून पडलेले काळे रान चौकटीत भरून घेतले, तर मापक म्हणतो, 'इथे प्रकाश फार कमी आहे,' आणि तो वाढवतो. परिणामी काळी माती सिमेंटच्या रंगाची होते, आणि वरचे आभाळ जळून पांढरे पडते. महाबळेश्वरच्या धुक्यात याच्या नेमके उलट घडते. पांढरे धुके मळक्या धोतरासारखे येते. म्हणून काळ्या रानात प्रकाश एखाद्या टप्प्याने कमी करावा लागतो आणि धुक्यात तेवढाच वाढवावा लागतो. मापकाचे म्हणणे ऐकायचे, पण तो कोणत्या गृहीतावर बोलतो आहे हे ठाऊक ठेवून ऐकायचे. (समीक्षकाच्या बाबतीतही हेच करावे असे आमचे मत आहे, पण तो विषय निराळा.)

फिल्मच्या काळात ही गोष्ट उमगणे अवघड होते. छत्तीस फ्रेमचा रोल तालुक्याच्या गावी स्टुडिओत द्यायचा, आठवड्याने प्रिंट आणायचे. त्या प्रिंटवरून काही ठरवावे, तर छपाईचे यंत्रही सरासरीवरच चालणारे. कॅमेऱ्यात काळजीपूर्वक काळी राखलेली माती ते यंत्र स्वतःच्या बुद्धीने पुन्हा राखाडी करून देई. चूक कोणाची, काढणाऱ्याची की छापणाऱ्याची, याचा निवाडाच होत नसे. स्लाइड फिल्ममध्ये मधला दुभाषा नसतो. जे टिपले तेच हाती येते. परंतु त्या महाग. शिवाय स्लाइड फिल्मचाही एक स्वभाव असे. १९९० साली आलेली व्हेल्व्हिया ही फिल्म हिरव्याला असा काही रंग चढवी की साधा घासाचा वाफा पाचूसारखा दिसे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि दिनदर्शिकांवर जे कोकण वर्षानुवर्षे झळकले, त्यात असल्या फिल्मचा वाटा किती आणि कोकणाचा किती, हे कुणीतरी एकदा पाहायला हवे. 'हिरवेगार', 'निळेशार', 'पिवळेधमक' ही आपली जोडविशेषणे त्याच जातीची आहेत. ती खोटी नाहीत, पण ती वस्तूकडे न पाहताही वापरता येतात, हा त्यांचा खरा दोष. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढल्याबरोबर त्याच्या पाठीवर आलेख दाखवायला सुरुवात केली, तेव्हा निदान प्रकाशाच्या बाबतीत तरी लगेच आणि निःपक्षपाती उत्तर मिळू लागले. प्रकाश नीट साधू लागल्यावर मग निराळ्या प्रकारचे प्रश्न उभे राहिले.

२०१९ च्या फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने, आमच्या विभागाने 'माझं शिवार' या नावाने विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. आदल्या ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. वास्तविक तो जाहीर होण्यापूर्वीच इकडच्या लोकांना ठाऊक झाला होता. तरीही प्रदर्शनात आलेल्या साठ-सत्तर चित्रांत दुष्काळ जवळजवळ नव्हता. सूर्यास्त होते, बैलजोड्या होत्या, धुळीतून येणारी मेंढरे होती. या सर्वांत एक चित्र निःसंशय सरस होते. तृतीय वर्षाच्या एका मुलाने आपल्याच गावच्या शिवारात जानेवारीत काढलेले: सूर्य अगदी खाली आलेला, त्याच्या विरुद्ध बाजूने टिपलेले ज्वारीचे रान, प्रत्येक पान कडेने पेटल्यासारखे, मागे धूसर डोंगर. खाली चिठ्ठी होती, 'सोनेरी संध्याकाळ'. परीक्षक म्हणून आलेल्या छायाचित्रकारांनी त्याची खूप तारीफ केली, आणि ती योग्यच होती. मुलाने प्रकाश अचूक मोजला होता. सूर्य क्षितिजाशी आला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, निळा भाग वाटेत विखुरतो, तांबूस-पिवळा तेवढा पोचतो. त्यात त्याने कॅमेऱ्याचे रंगसंतुलन 'ढगाळ'वर ठेवून ऊब आणखी वाढवली होती. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले.

दुपारी पालक येऊन गेले. त्यांत या मुलाचे वडीलही होते. मुलगा त्यांना अण्णा म्हणतो, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणू लागलो. ते त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, ही पिकल्याली न्हाई. पोटरीत आली आन् तिथंच थांबली."

मग त्यांनी ते चित्र आम्हांला वाचून दाखवले. दुसरा शब्द आमच्यापाशी नाही. शाळू पिकतो तेव्हा कणीस बाहेर पडून पांढरे झालेले असते, मोत्यासारखे. पाने वाळली तरी ताट ओलसर असते आणि दाण्याच्या भाराने वरचा भाग किंचित झुकतो. इथे कणीसच नव्हते. पोटरी फुगली होती आणि निसवण्यापूर्वीच ओल संपली होती. पाने सुरळीसारखी आत वळली होती, म्हणूनच त्यांच्या कडा उन्हात इतक्या बारीक आणि झगझगीत दिसत होत्या. पलीकडच्या कोपऱ्यात ताटे जरा उंच होती, कारण तिथे बांधाखाली माती खोल आहे. उजवीकडचा मोकळा पट्टा उगवलाच नव्हता. तिथे दुबार पेरले, तेही गेले. मुलाने निवडलेल्या प्रत्येक सौंदर्यस्थळाला शेतीच्या भाषेत एक नाव होते, आणि प्रत्येक नाव नुकसानीचे होते.

मुलगा शेजारीच उभा होता. ते रान त्यांचे स्वतःचे नव्हते, चुलत्यांचे होते, हे आम्हांला नंतर कळले. स्वतःच्या रानाचे चित्र त्याने काढलेच नव्हते. का, हे आम्ही विचारले नाही.

इथवर ही गोष्ट वाङ्मयीन म्हणून सांगता आली असती: रसिकाला सोने दिसते, शेतकऱ्याला करपलेले पीक दिसते, वगैरे. असल्या निष्कर्षाला वर्गात टाळ्या पडतात. परंतु अण्णांचा पुढचा प्रश्न त्या चौकटीत बसणारा नव्हता. त्यांनी विचारले, "ह्यो कवाचा हाय? तारीख निघंल का? आन् गट नंबर लिहून एक प्रत द्याल का मला?" त्यांच्या भावाने पीकविमा भरला होता. चित्र पुरावा म्हणून कुठे दाखवता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. डिजिटल चित्राच्या पोटात तारीख आणि वेळ नोंदलेली असते, ती आम्ही काढून दिली. मागे गट नंबर लिहिला. पुढे कृषी खात्यातील एका परिचितांकडून कळले की अशा चित्राचा तेथे फारसा उपयोग नव्हता. सर्वदूर पसरलेल्या दुष्काळात २०१६ पासूनच्या पीकविमा योजनेची भरपाई ठरे ती मंडळातील पीककापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावरून. एकेका शेताचे चित्र त्यात मोजले जात नसे. तिथेही सरासरीच.

त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी छायाचित्रणाविषयीची तंत्राची पुस्तके बाजूला ठेवून जरा निराळे वाचन सुरू केले, आणि त्यात रॉय स्ट्रायकर भेटला. १९३५ पासून अमेरिकेतील ग्रामीण दैन्याची छायाचित्रे काढून घेण्याचे सरकारी काम या माणसाकडे होते. पुढे ते 'फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'चे म्हणून प्रसिद्ध झाले. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टीन ही सारी त्याच्या हाताखालची मंडळी. स्ट्रायकर स्वतः छायाचित्रकार नव्हता. तो कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा मास्तर होता, याचे आम्हांला साहजिकच अप्रूप वाटले. कार्ल मायडन्स हा तरुण छायाचित्रकार दक्षिणेत कापसाच्या मुलखात निघाला असता स्ट्रायकरने त्याला विचारले की, कापसाविषयी तुला काय माहीत आहे? फारसे नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्याचे जाणे लांबवून स्ट्रायकरने तो दिवस आणि संध्याकाळ त्याला कापूस शिकवण्यात घालवली: पीक, बाजार, इतिहास, त्याच्यापायी मोडलेली माणसे. हाच मास्तर नापसंत निगेटिव्हच्या मधोमध भोक पाडीत असे, हेही सांगितले पाहिजे. आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ती चित्रे पाहायला मिळतात. एखाद्या शेताच्या आभाळात किंवा शेतकऱ्याच्या तोंडावर काळा गोल ठिपका असतो. उत्तरपत्रिका तपासताना आमच्या लाल शाईचा आम्हांला कधी कधी जो संकोच वाटतो, तो या ठिपक्यांपुढे अगदीच सौम्य म्हणावा लागेल. मायडन्सला दिलेला दिवस हा शिकवण्याचा एक प्रकार आहे, आणि भोक हा शिकवण्याचा प्रकार नव्हे, असे आमचे मत झाले आहे.

रॉथस्टीनची हकिगत याहून बोचरी. १९३६ च्या मे महिन्यात दक्षिण डाकोटातील उजाड प्रदेशात त्याला भेगाळलेल्या जमिनीवर बैलाची कवटी पडलेली आढळली. त्याने तिची अनेक चित्रे घेतली. मध्येच ती उचलून काही फुटांवर, गवतावर ठेवली आणि तिथेही घेतली. सावल्या कशा पडतात हे तो पाहत होता. ते निवडणुकीचे वर्ष होते. ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर असताना उत्तर डाकोटातील एका वृत्तपत्राने ही निरनिराळी चित्रे पुढे आणली आणि सरकारचा दुष्काळ बनावट असल्याचा गवगवा झाला. दुष्काळ खराच होता. कवटीही खरीच होती. पण काही फुटांच्या त्या अंतरात, खऱ्या दुष्काळात होरपळणाऱ्या माणसांचा पुरावा कमकुवत झाला. 'थोडे इकडेतिकडे केले तर काय बिघडले' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो.

आमच्याकडची छायाचित्रे कवटी हलवीत नाहीत; ती विजेचा खांब गाळतात. त्या प्रदर्शनातील चित्रांत खांब, डीपी, ठिबकच्या नळ्या, पाण्याचा टँकर, मोबाइलचा मनोरा यांपैकी काहीही नव्हते. बैल सर्वत्र, ट्रॅक्टर एकही नाही. पुष्कळ मुलांनी खांब टाळण्यासाठी चार पावले डावीकडे सरकून चित्र घेतले होते आणि ते कौशल्य म्हणून सांगितले. एका मुलीच्या आईने मुलीच्या चित्राकडे पाहून एवढेच विचारले, "आपली मोटार कुठं गेली गं?" विहिरीवरची ती मोटार कर्ज काढून बसवलेली होती, तिच्यावरच त्यांचे दीड एकर उभे होते, आणि मुलीच्या चित्रातील विहीर अगदी एखाद्या शतकापूर्वीची वाटत होती. ग्रामीण साहित्यावर आपल्याकडे स्मरणरंजनाचा आरोप होतो, तो कोणत्या पुस्तकावर करावा आणि कोणत्या करू नये, हे ठरवायला ही मोटारीची कसोटी वाईट नाही. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. अखेरीस दुष्काळाने ओस पडणारी ती वाडी स्मरणरंजनाला जागाच ठेवत नाही.

अण्णांनी तारीख विचारल्यापासून आम्ही प्रत्येक चित्रामागे दिवस, वेळ, गाव आणि पीक लिहून ठेवतो. अँसेल अ‍ॅडम्सच्या न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावरच्या प्रख्यात चंद्रोदयाला तारीख नव्हती. तो स्वतः निरनिराळी वर्षे सांगे; शेवटी खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी चित्रातील चंद्राच्या जागेवरून गणित मांडले, आणि १९९१ मध्ये १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख निश्चित झाली, तोवर अ‍ॅडम्सला जाऊन सात वर्षे झाली होती. कलेच्या रसिकाला तारखेवाचून काही अडले नव्हते. मात्र ज्याचे पीक चित्रात आहे त्याचे अडते.

तो मुलगा पदवीनंतर पुण्याजवळ एका कारखान्यात लागला. जाण्यापूर्वी पावसाळ्यात त्याने आणखी काही चित्रे काढून आणली. ती दिसायला पहिल्याइतकी चांगली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. भर उन्हातली, सपाट, मध्ये खांब आलेली. एकात त्याची आई बांधावर बसून खुरपे पारजत होती, आणि मागे अर्धे रान कुळवलेले, अर्धे राहिलेले. या वेळी ते रान त्यांचे होते. चित्राखाली त्याने नाव दिले नव्हते. गट नंबर होता, आणि 'बाजरी, पेरून नऊ दिवस' एवढेच. आम्ही दोघांत या चित्रावरून वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. एकाच्या मते हे छायाचित्र नव्हे, नोंद आहे. नोंदीला प्रकाशाची निवड नसते, आणि निवड सोडली की कला सुटते. दुसऱ्याच्या मते निवड आहेच, ती फक्त प्रकाशावरून कामावर सरकली आहे. कुंतक आणि दंडी इथे पुन्हा समोरासमोर बसतात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून, आपल्या गटात उभे राहून, आपल्या पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि ते नोंदवायचे. म्हणजे ज्याला आजवर कुणी कॅमेरा दिला नाही असा मोठा वर्ग एकदम शिवाराची छायाचित्रे काढू लागला. त्यांतली आम्ही पाहिलेली चित्रे बव्हंशी सारखीच आहेत: दुपारची वेळ, वाकडे क्षितिज, कोपऱ्यात बोट, मधोमध पीक. अण्णांनीही पहिल्याच वर्षी आपले काढले आणि मुलाला पाठवले. मुलाने ते आम्हांला पाठवले. मुलातला छायाचित्रकार गेलेला नव्हता. त्याने वडिलांना सुचवले, "अण्णा, पुढच्या वेळी जरा आभाळ जास्त घ्या, फोटो मोकळा वाटेल."

चार दिवसांनी अण्णांचे दुसरे चित्र आले. खाली बोटभर बाजरी आणि वर सगळे आभाळच, पश्चिमेकडून चढत आलेल्या करड्या ढगांचे. सोबत त्यांच्या आवाजातला निरोप होता: "घेतलंय बघ आभाळ. तिकडं मोठ्या स्क्रीनवर बघून सांग, ह्यात पाऊस हाय का न्हाई."